सांगू नका सर, मी निघालोच आहे

वर्तमानपत्राला सुटे फोटो देणाऱ्या माणसाने पैशाचा विषय नेमका कधी काढावा? सकाळी काढावा तर सरांची मीटिंग असते. दुपारी जळगावात पैशाचंच काय, कसलंच बोलणं कुणी काढत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि अख्खं गाव कूलरपुढे आडवं असतं. संध्याकाळी पान सोडायची घाई. रात्री सर जरा मोकळे सापडतात, पण तेव्हा ते प्रेमाने खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "पैशाचं काय घेऊन बसला भो, नाव होऊन राहिलं ना तुझं!"

नाव म्हणजे फोटोखाली छापतात ते, 'छाया : प्रतिनिधी'. हा प्रतिनिधी खान्देशातला सर्वांत कष्टाळू इसम असावा. एकाच दिवशी तो चोपड्याच्या बाजार समितीत असतो, भुसावळच्या फलाटावर असतो आणि नंदुरबारच्या मोर्च्यातही असतो. त्याला कोणी पाहिलेलं नाही. त्याचं व्हाउचर निघतं की नाही, तेही कळायला मार्ग नाही.

माझा दर फोटोमागे शे-दीडशे, तोही छापून आला तर. छापलेलं कात्रण बिलाला जोडायचं, बिल अकाउंट्सला द्यायचं, तिथून ते मुख्य कार्यालयात जातं आणि यथावकाश परत येतं. कारण कात्रणावर तारीख दिसत नाही. तारीख मी नीट कापलेली असते, पण त्यांनी स्टेपलर नेमका तिच्यावरच मारलेला असतो.

तरी मी गप्प होतो. रावेरकडे वादळाने केळी झोपवली तोवर.

त्या बागेत घडांसकट आडव्या पडलेल्या खोडांमध्ये उकिडवा बसलेला म्हातारा शेतकरी मी टिपला होता. फोटो पहिल्या पानावर आला. मग शेतीच्या पुरवणीत आला. मग दुसऱ्या आवृत्तीत. मग एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आला. तिथे म्हाताऱ्याला पुसून त्याच्या जागी खुद्द साहेब हात जोडून उभे होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, चिखलाचा एक शिंतोडा नाही. व्हाउचर मात्र एकच. मी सरांकडे गेलो. ते म्हणाले, "तू फोटो एकदाच काढला ना? मग पैसे चारदा कसे?"

या प्रश्नाला उत्तर सुचेना, म्हणून धुळ्याच्या मावसभावाकडे गेलो. तो वकील आहे आणि शेवभाजीच्या रश्श्यात भाकरी चुरता चुरता कलमं सांगतो. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७. पगारी फोटोग्राफरने नोकरीत काढलेला फोटो छापण्यापुरता पेपरच्या मालकाचा. बाहेरच्या माणसाला कुणी सांगून, मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि उलट करार नसला, तर फोटो सांगणाऱ्याचा. आणि कुणी न सांगता आपल्या मनाने काढला, तर काढणाऱ्याचा. हयातभर, आणि तो गेल्यावर पुढे ६० वर्षं.

गेल्यावरची ६० वर्षं ऐकून मला भरून आलं. तेवढ्यात माझी बिलं पास होतील.

त्या दिवसापासून मी एकच धोरण धरलं : कुणाला सांगू द्यायचंच नाही. दत्तजयंतीच्या सुमारास सरांचा फोन आला.

"अरे, सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार..."

"सांगू नका सर! मी निघालोच आहे."

"अरे पण मीच तर सांगतोय, जाऊन..."

"आवाज तुटतोय सर. मी माझ्या मनाने चाललोय, एवढं लक्षात असू द्या."

सरही काही कच्चे नव्हते. दोंडाईचा येईस्तोवर त्यांचा लेखी मेसेज आला, 'सारंगखेड्याला जाणे. आदेशावरून.' मी उत्तर पाठवलं, 'मोबदला?' त्यावर अजून दोन निळ्या टिका आहेत. मावसभावाच्या मते मोबदला नाही तर सांगण्याला अर्थ नाही, म्हणजे पेपरने माझे पैसे जितके थकवावेत तितका फोटो जास्त माझा. कायद्याने मी आता खान्देशातला मोठा मालमत्ताधारक आहे. पेट्रोल उधारीवर भरतो, एवढंच.

मग मुख्य कार्यालयातून एक फॉर्म आला. सर्व फोटोंचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे, अखिल विश्वात. रावेरची केळी मंगळावर छापणार असतील तर माझी ना नाही, पण तिकडचा दर वेगळा लावावा. मी 'कायमचे' खोडून 'एकदाच, विचारून' लिहिलं आणि फॉर्म परत पाठवला. तो बहुधा माझ्या बिलांना भेटायला गेलाय.

गुरांच्या बाजारात बरं असतं. रुमालाखाली हातात हात घालून व्यापारी बोटांनी भाव सांगतात. आमच्या सौद्यात समोरचा हातच बाहेर काढत नाही.

सारंगखेड्याला तापीकाठच्या त्या धुरळ्यात एक पांढराशुभ्र घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि मला हवा तो क्षण मिळाला. मिळाला तोच शिंदखेड्याकडचा त्याचा मालक पागोटं सावरत पुढे आला.

"घोडा मना, मंग फोटो तुना कसा?"

मी त्याला कलम १७ समजावलं. आपल्या मनाने काढला, कुणी सांगितलं नाही, सबब फोटो माझा. त्याने घोड्याकडे पाहिलं, घोड्याने माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही पटलं नाही.

"बरं," तो म्हणाला, "मंग आता मी सांगस. आखो एक काढ. मोठा, फ्रेम करानाजोगा. किती लेशी?"

मी बिचकतच आकडा सांगितला. पेपरच्या दराच्या दसपट. तो घासाघीस करणार म्हणून मी खालचा आकडाही तयार ठेवला होता. त्याने बंडीच्या खिशातून नोटा काढल्या, थुंकी लावून मोजल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. कात्रण नाही, व्हाउचर नाही.

परत येताना बसमध्ये हिशेब लागला. त्याने सांगितलं, मोबदला दिला, उलट करार काही झाला नाही. म्हणजे घोडा त्याचा आणि तो फोटोही कायद्याने त्याचाच.