नाझरचे कार्यालय आणि आपला हुकूमनामा

तालुक्याच्या न्यायालयाविषयी आपण बोलतो ते न्यायाधीशांविषयी, वकिलांविषयी आणि पुढच्या तारखेविषयी. त्याच इमारतीत नाझरचे, म्हणजे समन्स आणि वॉरंट बजावण्याचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे, कार्यालय असते, त्याविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. माझ्या मते सामान्य पक्षकाराचे काम अडते ते तिथे, आणि मार्गी लागते तेही तिथेच.

कामाची वाटणी मुळात शहाणपणाची आहे. लहान रकमेचे दिवाणी दावे कनिष्ठ स्तर न्यायालयाकडे आणि मोठ्या रकमेचे वरिष्ठ स्तर न्यायालयाकडे जातात, तर धनादेश न वटल्याची फिर्याद न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. ही वाटणी लोकांना जाचते ती कौटुंबिक प्रकरणांत. जिथे स्वतंत्र कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे घटस्फोटाचा अर्ज वरिष्ठ स्तर न्यायालयात आणि पोटगीचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो; ही दोन न्यायालये दोन गावांत असली, तर एकाच संसाराच्या वादासाठी बाईला दोन गावांच्या तारखा सांभाळाव्या लागतात. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो, पण हे तिला दाराशीच सांगणारे कोणी नसते.

आता नाझरकडे वळू. दावा दाखल झाला की प्रतिवादीला समन्स पोहोचले पाहिजे, आणि ते पोहोचवतो नाझरच्या हाताखालचा कर्मचारी, बेलिफ. प्रतिवादी घरी सापडला नाही किंवा त्याने समन्स घ्यायला नकार दिला, तर बेलिफ समन्सची प्रत दाराला डकवतो, कोणासमोर डकवली ते लिहितो आणि तसा अहवाल न्यायालयात देतो. हा अहवाल अर्धवट लिहिलेला असेल, तर पुन्हा समन्स, पुन्हा बेलिफचा भत्ता, पुन्हा तारीख. पक्षकार गावी जाऊन ‘कोर्टाने तारीख दिली’ म्हणतो, तेव्हा ती तारीख पुष्कळदा न्यायाधीशांमुळे नव्हे, तर ‘सदर इसम मिळून आला नाही’ एवढ्याच शेऱ्यामुळे पडलेली असते.

हुकूमनामा, म्हणजे दाव्याच्या निकालाचा न्यायालयाचा आदेश, हाती आल्यावरही हीच वाट असते. समोरचा आपणहून पैसे देत नाही किंवा जागा सोडत नाही, म्हणून हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी अर्ज, म्हणजे दरखास्त, दाखल करावी लागते, आणि जप्तीचे किंवा ताब्याचे वॉरंट पुन्हा बेलिफच्याच हाती येते. दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावले. ते योग्यच आहे. पण पावसाळ्यात वाड्यावस्त्यांवर वॉरंट घेऊन जाणाऱ्या माणसाजवळ वाहन आहे का, ताबा घेताना पोलीस बंदोबस्त वेळेवर मिळतो का, हे विचारल्याशिवाय ती मुदत पाळली जाणार नाही.

निकालाच्या प्रमाणित प्रती देणाऱ्या नक्कल विभागाची गोष्ट त्यामानाने सोपी आहे. जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस असतात आणि नक्कल मिळण्यासाठी लागलेला वेळ त्यातून वगळला जातो; मात्र त्यासाठी नकलेचा अर्ज वेळेत द्यावा लागतो, आणि नेमके हेच पक्षकाराला ठाऊक नसते.

म्हणून माझे मागणे साधे आहे. समन्स कोणत्या तारखेला बेलिफकडे दिले आणि त्याने कोणता शेरा मारून ते परत केले, हे प्रकरणाच्या ऑनलाइन नोंदीत पक्षकाराला मराठीत वाचता यावे. नवीन इमारतींना निधी मिळतो, तसा बेलिफच्या रिक्त जागा भरण्यासाठी आणि त्यांच्या प्रवासखर्चासाठीही मिळावा.