भिवई

मी मूळची गुहागरची. त्यामुळे पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर वर्षभर फुकट शिकवायला जाते म्हटल्यावर घरात कुणी फारसं दचकलं नाही. समुद्र आहे, नारळ आहेत, मासळी आहे, म्हणजे एवढी अमेरिकेत शिकून शेवटी परत गुहागरलाच निघालीस की, असं बाबा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

देशाचं नाव मार्शल आयलंड्स. हवाई आणि ऑस्ट्रेलियाच्या साधारण मधे नकाशावर माशीने घाण केल्यासारखे ठिपके दिसतात, तोच. २९ प्रवाळबेटं आणि ५ सुटी बेटं, सगळी जमीन गोळा करून एकत्र रचली तरी १८१ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही नाही, आणि ती शिंपडलीय जवळजवळ २० लाख चौरस किलोमीटर पाण्यात. राजधानी माजुरो. मी होते ते तिथूनही लांब, रताक नावाच्या पूर्वेकडच्या रांगेतल्या एका बेटावर. बेटाचं नाव सांगत नाही कारण तिथे शाळा एकच, मुख्याध्यापक एकच, आणि आता जे सांगणार आहे ते त्यांच्याबद्दल आहे.

तर पहिला दिवस. मी शाळेत गेले, मुख्याध्यापक दारात उभे. दार म्हणजे भिंतीला ठेवलेली मोकळी जागा. पन्नाशीचे, पोट सुटलेले, फुलाफुलांचा शर्ट. मी विचारलं, हा वर्ग माझा का? ते काहीच बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही भिवया उडवल्या.

आता गुहागरच्या नाक्यावर एखाद्या पन्नाशीच्या माणसाने तेवीस वर्षांच्या पोरीकडे बघून भिवया उडवल्या तर पुढे काय होतं हे मी सांगायची गरज नाही, चप्पल पायात राहत नाही एवढंच. मी मान खाली घालून आत गेले. म्हटलं, पहिलाच दिवस आहे, डोळ्यात काही गेलं असेल.

दुपारी दुकानात गेले. दुकान म्हणजे एकाच्या घरातलं फळकूट, त्यावर तांदूळ, मैदा, डबाबंद मांस, नूडल्स. मॅचबॉक्स आहे का, विचारलं. दुकानदाराने भिवया उडवल्या. मी तशीच परत फिरले, तर मागून हाका मारतोय, हातात काडेपेटी. संध्याकाळी चर्चमधले पाद्रीबुवा भेटले, रविवारी प्रार्थनेला मी आले तर चालेल का, असं त्यांना अदबीने विचारलं. पाद्रीबुवांनीसुद्धा उडवल्या! त्या रात्री मी जाजमावर पडून (तिथे पांदानच्या पानांची चटई असते, पांदान म्हणजे आपल्या केवड्याचा भाऊबंद) विचार करत होते की आईला कळवायचं कसं, मोबाईलला रेंज नाही, बेटावर एक रेडिओ आहे आणि त्यावर बोललेलं सगळ्या बेटांना ऐकू जातं.

माझी लाज राखली ती बुबूने. बुबू म्हणजे आजी. ज्या घरात राहत होते त्या घरची, सत्तरीच्या पुढची, तोंडाचं बोळकं. पाचव्या दिवशी सकाळी मी तिला खुणेने विचारलं, हे पाणी प्यायचं का? तर म्हातारीने चुलीपुढे बसल्या बसल्या माझ्याकडे बघून अशा झोकात भिवया उडवल्या की मला हसूच फुटलं, आणि हसता हसता डोक्यात उजेड पडला. ही बया काही माझ्यावर लाईन मारत नाहीये. ही ‘हो’ म्हणतेय!

तोंडाने ‘हो’ला ‘आएत’ म्हणतात, पण ते म्हणायचे कष्ट कोण घेतो. निघण्याआधी माजुरोत आम्हाला भाषेचं ट्रेनिंग होतं, त्यात हे सांगितलंही असेल, पण मधले दोन दिवस मी पोट बिघडून आडवी होते आणि बहुतेक तेव्हाच भिवया झाल्या. ‘नाही’चा शब्द मात्र पक्का लक्षात राहिला कारण तो आहे ‘जाब’. आपण जाब विचारतो, ते देतात.

हे कळल्यावर पहिल्यांदा आठवली ती हजेरी. चार दिवस मी रोज मस्टर घेऊन नावं पुकारत होते, कुणी ‘प्रेझेंट’ म्हणेना, ‘यस टीचर’ म्हणेना, सगळी पोरं नुसती टकामका बघत होती. मी शिस्तीची बाई, उत्तर नाही तर गैरहजर. चार दिवस, तेवीस पोरं, सगळ्यांपुढे फुल्या. माझ्या डोळ्यांदेखत बसलेला अख्खा वर्ग मी गैरहजर लावला होता. मुख्याध्यापकांनी मस्टर पाहिलं, मग वर्गाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं की ही सगळी नव्हती का आली? आणि मी आश्चर्याने भिवया वर केल्या.

खरी परीक्षा इथेच. आपण भिवया कधी वर करतो याचा हिशोब कुणी ठेवतं का? मी तिथे जाऊन ठेवला. आपण मराठी माणसं दिवसभर भिवया वर करत असतो. अय्या म्हणताना, ‘काय सांगतेस’ म्हणताना, भाजीचा भाव ऐकताना, कुणाची साडी बघताना. तिथे प्रत्येक वेळी आपण कशाला तरी होकार दिलेला असतो आणि तो कशाला हे नंतर कळतं.

त्याचा कळस झाला कीमेममध्ये. कीमेम म्हणजे बाळाचा पहिला वाढदिवस. तिकडे हा लग्नापेक्षा मोठा सोहळा, सगळं गाव जेवायला. डुकरं कापतात, नीरफणस भाजतात, भाताचे डोंगर लावतात. (नीरफणस बघून मला भरून आलं होतं. आमच्याकडे त्याचे रवा लावून काप करतात, त्यांना ते करून दाखवले तर म्हणाले, बरे आहेत, पण फळ वाया का घालवलंस?) तर मला पाहुणी म्हणून मानाने बसवलं आणि पुढ्यात नारळाच्या झावळीची विणलेली परडी ठेवली. आत भात, भातावर डुक्कर, डुकरावर मासा, माशावर कोंबडीचा पाय आणि सगळ्याच्या वर एक डोनट. मी बघितलं आणि अगंबाई म्हणून भिवया कपाळात गेल्या. यजमानीण खूश. तिने अजून एक मासा ठेवला. तो बघून माझ्या भिवया अजून वर. तिने अजून भात घातला. मी घाबरून मान हलवायला लागले, पण आपली मान नुसती आडवी हलत नाही हो, ती डोलते, त्यात हो असतं, नाही असतं, बघू असतं, राहू दे हो असतं. त्या बाईला त्यातलं काय लागलं देव जाणे, तिने आणखी एक परडी आणली.

एवढ्यात म्हातारा यजमान उठला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “कोम्मोल टाटा.” मी म्हटलं सुटले, कार्यक्रम संपला, निरोप देतायत. मी उठले, हात हलवला, “टाटा टाटा” म्हणत दोन परड्या घेऊन घरी चालायला लागले. कोम्मोल टाटा म्हणजे खूप खूप आभार. बाळाचा केक अजून कापायचा होता. त्यांनी एका पोराला माझ्यामागे पळवलं, त्याने हाताला धरून परत आणलं आणि दोन्ही परड्या पुन्हा माझ्यापुढे ठेवल्या.

एक सांगते, परडीतलं सगळं तिथेच संपवायचं नसतं, उरलेलं घरी न्यायचं असतं, तीच पद्धत आहे. हेही मला बुबूने सांगितलं. पण कधी, तर मी सगळं संपवल्यावर.

शाळा म्हणाल तर पत्र्याची. पाऊस आला की पत्र्यावर असा ताशा वाजतो की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही, तेव्हा मला या भिवयांची खरी किंमत कळली. मी फळ्यावर ‘कळलं?’ असं लिहून वळायचे आणि तेवीस जोड भिवया एका झटक्यात वर जायच्या, कवायतीसारख्या. फार सुंदर दिसायचं ते. कळलेलं काहीच नसायचं हा भाग वेगळा. त्यांच्या भाषेत प आणि ब असे दोन निरनिराळे आवाज नाहीत, फ नाहीच, स आणि ज यांचाही एकच संसार. राईसचा राइज, सूपचा जुप, आणि फ्रायडेचा जो काही बोलाइदे होतो तो ऐकून शुक्रवारची सुट्टी द्यावीशी वाटते. माझं नाव सुषमा, ते झालं जुजमा. जुज म्हणजे बूट. मी तीन आठवडे ‘फिश, फिश’ करत फळ्यासमोर फुंकर मारून दाखवत होते. चौथ्या आठवड्यात माजुरोहून एक अमेरिकन बाई तपासणीला आली, वर्गात बसली आणि मला हळूच बाजूला घेऊन म्हणाली, मुलांचा फ बराच सुधारलाय, पण ती ‘वेरी वेल’ असं का म्हणतात, दोन्हीकडे एकच व? आता मराठीत एकच व आहे त्याला मी काय करू! त्या बेटावर आज दहाबारा वर्षांनीही काही जण इंग्रजी बोलत असतील तर ते गुहागरच्या वळणाचं बोलत असतील.

नारळाचं तर बोलूच नका. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की आम्ही नारळातलीच माणसं. खवणी निघालीही अगदी आपल्यासारखी, बसून खवायची. पण सोलायला दिला तर जमिनीत रोवलेल्या टोकदार काठीवर मी दहा मिनिटं झटत होते आणि शेजारी सात वर्षांची पोरगी तीन झटक्यांत सोडण काढून पुढचा घेत होती. मला विचारलं, तुमच्याकडे कोण सोलतं? मी म्हटलं, गडी येतो. तिने ते सगळ्यांना सांगितलं.

कपड्यांचं सुरुवातीला अवघड गेलं, म्हणजे उलट्या अर्थाने. अमेरिकेत राहून मी शॉर्ट्स घेऊन गेले होते, त्या वर्षभर बॅगेच्या तळाशी राहिल्या, कारण तिथे बाईने मांडी दाखवणं म्हणजे भलतंच. पोहायलाही लांब झग्यात. आणि गंमत बघा, बिकिनी नावाचं प्रवाळबेट याच देशातलं. जुलै १९४६मध्ये अमेरिकेने तिथे अणुबॉम्ब फोडायला सुरुवात केली आणि त्याच महिन्यात पॅरिसमध्ये एकाने आपल्या चार चिंध्यांना ते नाव देऊन टाकलं. १९५८ पर्यंत या देशात ६७ स्फोट झाले. बिकिनीची माणसं ‘थोड्या दिवसांसाठी’ म्हणून हलवली होती, ती अजून परत आपल्या बेटावर कायमची राहायला जाऊ शकलेली नाहीत. हे मला बुबूने चुलीपुढे बसून सांगितलं, बाकीचं वाचून कळलं. अमेरिकन तेव्हा आम्हाला विचारायला आले होते, चालेल का? असं म्हणून ती थांबली. मी विचारलं, मग? तुम्ही हो म्हटलंत? त्या दिवशी तिने भिवया उडवल्या नाहीत, ‘जाब’ही म्हणाली नाही. लाकूड पुढे सरकवलं.

फेब्रुवारीत तांदूळ संपला. जहाज यायचं, सुकं खोबरं घेऊन जायचं आणि तांदूळ, मैदा, रॉकेल टाकून जायचं असा सौदा, पण ते कधी येईल ते फक्त रेडिओला ठाऊक. मी मुख्याध्यापकांना विचारलं, जहाज उद्या येणार का? भिवया. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे लगूनच्या, म्हणजे प्रवाळाच्या कड्यातल्या शांत पाण्याच्या, काठावर. जहाज नाही. परत विचारलं, उद्या नक्की? भिवया. असे अकरा दिवस. आम्ही मासे आणि नीरफणस, नीरफणस आणि मासे, आणि कोंब फुटलेल्या नारळाच्या पोटात जो पांढरा स्पंजासारखा गोळा असतो तो. लहानपणी तो मिळाला की आम्ही भांडायचो, अकराव्या दिवशी मी तो शेजारच्या डुकराला दिला. शेवटी मी चिडून विचारलं, सर, तुम्हाला खरंच ठाऊक आहे का उद्या येणार म्हणून? ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, “तू इतक्या आशेने विचारतेस, नाही कसं म्हणायचं?”

बाराव्या दिवशी आलं. विचारलं नव्हतं तेव्हा.

मे महिन्यात परत निघाले. निघताना सगळ्यांनी गळ्यात शिंपल्यांच्या इतक्या माळा घातल्या की मानच हलेना, त्यामुळे निरोपाचं सगळं बोलणं भिवयांवर झालं. परत येशील ना? उडवल्या. लग्नाला बोलावशील? उडवल्या. बुबूने काही विचारलं नाही, फक्त माझ्या हातात भाजलेला नीरफणस दिला, तो विमानतळावर जप्त झाला.

मुंबईहून रेल्वेने चिपळूण, आणि चिपळूणला स्टेशनबाहेर शेअर रिक्षा. दोन सीट भरलेल्या, तिसरी माझी. रिक्षावाला मिशीवाला, पन्नाशीचा, भला माणूस. बॅग उचलून ठेवली आणि विचारलं, “गुहागर का, ताई?”

मी उडवल्या.

तो जागच्या जागी थांबला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग काही न बोलता पुढे जाऊन बसला, समोरचा आरसा धरला आणि सरळ वर छताकडे फिरवून ठेवला. गुहागर येईपर्यंत पंचेचाळीस किलोमीटर मागून येणारी प्रत्येक गाडी हॉर्न मारत होती आणि त्याने एकदाही मागे बघितलं नाही.