एक्स्चेंजचा डेटाबेस दर महिन्याला ‘ऑफलाइन’ कशाला?

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: "महिन्यातून एका रविवारी एक्स्चेंजचा (मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरचा) डेटाबेस डिसमाउंट करा, म्हणजे बंद करा, आणि ईएसईयूटिल /डी, म्हणजे ऑफलाइन डीफ्रॅग, चालवा: ते डेटा नव्या, आटोपशीर फाइलमध्ये उतरवतं. सर्व्हर पळायला लागतो, करप्शन जातं, डिस्क मोकळी होते. तोटा काही नाही." यातलं डिस्कचं तेवढं अर्धं खरं.

सल्ला मुळात वेडेपणाचा नव्हता. एक्स्चेंज 2003 च्या स्टँडर्ड आवृत्तीत स्टोअरला (मेलच्या डेटाबेसला) 16 जीबीची मर्यादा होती आणि मोजला जायचा तो फाइलींचा प्रत्यक्ष आकार. मेल कितीही पुसले तरी फाइल आखडत नसे. मर्यादा ओलांडली की स्टोअर बंद, मग ऑफलाइन डीफ्रॅग करावंच लागे. सर्व्हिस पॅक 2 नंतर मर्यादा 75 जीबीपर्यंत वाढवता आली, शिवाय आतली रिकामी जागा हिशोबातून वगळली गेली. गरज सरली, सवय उरली.

"सर्व्हर पळतो." 2003 आणि 2007 मध्ये डेटाबेसची आवराआवर रोज रात्री आपोआप होई; 2010 पासून ती दिवसभर पार्श्वभूमीत चालूच असते. सर्व्हर रेंगाळत असेल तर आधी डिस्कची लेटन्सी (उत्तर द्यायला लागणारा वेळ) बघा.

"करप्शन जातं." साफ चूक. डेटाबेस नीट बंद झालेला नसेल तर /डी -550 ची एरर देऊन थांबतं. -1018 ही एरर दिसली तर डेटाबेसच्या एखाद्या पानाचा चेकसम (पडताळणीचा आकडा) जुळत नाहीये; संशय डिस्कवर किंवा कंट्रोलरवर घ्यायचा आणि डेटाबेस बॅकअपमधून परत आणायचा. दुरुस्तीचं काम ईएसईयूटिलच्याच /पी चं, आणि ते खराब पानं सरळ फेकून देतं.

"डिस्क मोकळी होते." होते, पण रिकामी जागा नवीन मेल वापरतातच, फाइल आज लहान केली तर पुन्हा वाढणारच. आणि एक गंमत: शंभर मेलबॉक्स काल काढले म्हणून आज /डी चालवलं तर हाती फारसं काही लागत नाही. काढलेला मेलबॉक्स मूळ सेटिंगनुसार 30 दिवस डेटाबेसमध्येच पडून असतो. आतली रिकामी जागा आधी मोजा: 2007 पर्यंत इव्हेंट लॉगमधली 1221 क्रमांकाची नोंद, पुढे डेटाबेसच्या माहितीतला अव्हेलेबलन्यूमेलबॉक्सस्पेस हा आकडा.

"तोटा नाही." काम चालेपर्यंत त्या डेटाबेसवरचे सगळे मेलविना. नव्या फाइलच्या आकाराच्या साधारण 110 टक्के जागा हवी. डेटाबेसची सिग्नेचर (ओळखखूण) बदलते, म्हणून जुने लॉग (बदलांच्या नोंदी) नव्या फाइलवर चढत नाहीत. डीएजी (एकाच डेटाबेसच्या कॉपी ठेवणारा सर्व्हरांचा गट) असेल तर प्रत्येक कॉपी नव्याने सीड करा, म्हणजे पुन्हा भरून घ्या.

2010 पासून याहून सोपी वाट आहे: नवा डेटाबेस उघडा, न्यू-मूव्हरिक्वेस्ट या कमांडने मेलबॉक्स हलवा, जुना काढून टाका. लोक मेल वाचत राहतात.

मग /डी कधी? पूर्वी /पी चालवावंच लागलं तर त्यानंतर; 2015 पासून मात्र मायक्रोसॉफ्ट अशा डेटाबेसमधले मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये हलवायला सांगतं. आता ते एवढ्यापुरतंच: जुन्या सर्व्हरवर बरेच मेलबॉक्स कायमचे गेलेत, 30 दिवसांची मुदतही उलटलीय आणि नवा डेटाबेस ठेवायला त्या डिस्कवर जागाच नाही, तेव्हा. /टी देऊन तात्पुरती फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर टाका, आणि डेटाबेस माउंट (पुन्हा चालू) झाल्यावर घरी जायच्या आधी फुल बॅकअप लावा.