फुंकर मारून डायलिसिस टळत नाही

यंत्रात एकदा फुंकर मारली की किडनीची अवस्था कळते, रक्ततपासणीची गरज उरत नाही आणि श्वास स्वच्छ निघाला तर त्या वेळचे डायलिसिस चुकवले तरी चालते, असा संदेश मराठवाड्यात व्हॉट्सॲपवर फिरत आहे. मजुरी बुडवून आठवड्यातून दोन-तीनदा लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठणाऱ्या रुग्णाला तो खरा वाटावा असाच आहे, आणि म्हणूनच तो घातक आहे.

श्वासात किडनीच्या आजाराची खूण सापडते, एवढे त्यात खरे आहे. रक्तातील युरिया, म्हणजे किडनी एरवी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, वाढला की तो लाळेत उतरतो आणि तोंडातले जिवाणू त्याचा अमोनिया बनवतात. डायलिसिस चालू असताना श्वासातील अमोनिया आणि रक्तातील युरिया बरोबरीने उतरतात, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते.

परंतु हा अमोनिया बराचसा तोंडातच तयार होत असल्याने जेवण झाले, दात घासले किंवा चूळ भरली तरी आकडा बदलतो. डायलिसिस पुरेसे झाले का हे ठरवताना आधी आणि नंतर रक्त घेऊन युरिया किमान ६५ टक्के उतरला का ते पाहतात. इतका हलता आकडा त्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. शिवाय डायलिसिसनंतर श्वास स्वच्छच होतो असेही नाही, कारण आयसोप्रीन नावाचा वायू अनेक रुग्णांमध्ये उलट वाढलेला आढळतो. आजार अगदी सुरुवातीला पकडायचा असेल तर लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि रक्तातील क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो आणखी एक टाकाऊ पदार्थ) याच तपासण्या कराव्या लागतात.

डायलिसिस चुकवण्याचा सल्ला मात्र थेट जिवावर बेतणारा आहे. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत रक्तात पोटॅशियम साचते, ते एका मर्यादेपलीकडे गेले की हृदयाचे ठोके बिघडतात आणि हृदय बंदही पडू शकते. पोटॅशियम हा क्षार आहे. त्याची वाफ होत नाही, म्हणून तो श्वासात उतरत नाही. अर्धापूरची केळी किंवा जालन्याची मोसंबी मनसोक्त खाल्लेल्या रुग्णाचे पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर असतानाही यंत्र समाधानकारक आकडा दाखवू शकेल. अंगात साचलेल्या पाण्याचेही तसेच आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तहान आवरणे किती कठीण असते हे रुग्णांनाच ठाऊक. ते पाणी किती साचले हे वजनकाट्यावर, पायांच्या सुजेवर आणि आडवे होताच लागणाऱ्या धापेवर कळते.

खर्चामुळे डायलिसिस चुकत असेल तर २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी ते मोफत आहे; जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी. गाडी चुकली किंवा घरात अडचण आली, तर त्याच दिवशी केंद्राला फोन करून पुढची सर्वांत जवळची वेळ मागून घ्यावी, आणि तोवर पाणी, फळे व मीठ यांबाबत काय पाळायचे हे तेथील डॉक्टरांनाच विचारावे.