पुन्हा ओढली म्हणून सगळं वाया जात नाही
सिगरेट सोडून पुन्हा सुरू झालेल्यांनी ई-सिगरेटचा आधार घ्यावा, असं एका लेखात म्हटलंय. जिथे कायद्याने परवानगी आहे, तिथे हे मला पटतं. सात महिने मी एकही ओढली नव्हती. वडिलांच्या आजारपणात एका रात्री कुणीतरी पाकीट पुढे केलं आणि आठवडाभरात दिवसाला दहावर आलो. निकोटीनचे पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या, आधी लावून झाले होते. निकोटीन मिळायचं, पण बोटांना काहीतरी धरायला हवं असायचं, घशाला तो झटका हवा असायचा. ते ई-सिगरेटने भागलं. तिच्यात निकोटीनच्या द्रवाची वाफ होते, तंबाखू जळत नाही, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड नाही, हा फरक फार मोठा. पण पहिला महिना मी दोन्ही ओढत राहिलो, ती चूक. सकाळचा खोकला तसाच होता. सिगरेट पूर्ण थांबवल्यावरच तो कमी झाला.

ब्रिटनमधल्या २०१९ च्या चाचणीत वर्षअखेर ई-सिगरेटवाल्यांपैकी १८ टक्के सिगरेटमुक्त होते, तर निकोटीनचे पॅच-च्युइंगगम वगैरे वापरणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. मात्र त्या १८ टक्क्यांतले ८० टक्के तेव्हाही ई-सिगरेट ओढतच होते. म्हणून निकोटीनची मात्रा डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवा. आणि ज्यांनी कधीच ओढली नाही, त्यांनी कृपा करून ई-सिगरेटला हातही लावू नका.