खुलासा : माकडाला आणि माणसाला 'सारखंच दिसतं' हे सिद्ध झालेलं नाही

'माकड आणि माणसाच्या मेंदूची रेकॉर्डिंग तंतोतंत जुळली, म्हणजे दोघांना जग सारखंच दिसतं' असा मेसेज फिरतोय. त्यामागचा अभ्यास खरा आहे, पण अर्थ चुकीचा काढलाय.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोघांसाठी तीच ९२ चित्रं वापरली होती. माकडांच्या मेंदूत इलेक्ट्रोड घालून एकेका पेशीचे विद्युत संकेत टिपले होते. माणसांचं मात्र एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं एक प्रकारचं स्कॅन, केलं. ते पेशींचे संकेत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनमधला बदल टिपतं, तोही काही सेकंद उशिरा. अशी दोन रेकॉर्डिंग थेट एकमेकांवर ठेवताच येत नाहीत. म्हणून संशोधकांनी वेगळीच वाट धरली, आणि मला ती फार सुंदर वाटते : त्या त्या मेंदूत कोणती दोन चित्रं जवळची ठरतात (म्हणजे दोन्हींना मेंदूचा प्रतिसाद सारखा असतो) आणि कोणती लांबची, एवढंच पाहायचं. चेहरे चेहऱ्यांजवळ, सजीव एकीकडे, निर्जीव दुसरीकडे, ही मांडणी दोन्हीकडे बरीच जुळली. तीसुद्धा मेंदूच्या एका विशिष्ट भागातली. कुणाला काय 'दिसतं', हे त्यात मोजलेलंच नव्हतं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.