एन्डा केनी यांना वडिलांची जागा मिळाली, पुढचं कुणी दिलं?

२०१७ मध्ये मालवणजवळच्या वराड गावाचे मूळ असलेले लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि आपल्याकडे आनंदाला उधाण आलं. त्यांच्या आधीच्या पंतप्रधानांबद्दल, एन्डा केनींबद्दल, मात्र एकच मजकूर फिरत राहतो: बापाच्या जागेवर बसलेला खेडवळ मास्तर, चाळीस वर्षं नुसता टिकून राहिला आणि शेवटी नशिबाने खुर्ची मिळाली. यातलं काही खरं आहे, पण बरंचसं नाही.

वडिलांच्या जागेचं खरं आहे. हेन्री केनी मेयो परगण्याचे खासदार होते, १९३६ च्या विजेत्या मेयो फुटबॉल संघातले खेळाडू. १९७५ मध्ये ते वारले. पोटनिवडणुकीत २४ वर्षांचा त्यांचा शिक्षक मुलगा निवडून आला. आडनावाने दार उघडलं, हे मी नाकारत नाही.

पण त्यानंतर बारा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि बाराही ते जिंकले. तिथली मतपत्रिका आपल्या पदवीधर मतदारसंघासारखी असते. नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. एका मतदारसंघातून तीन-चार-पाच खासदार निवडले जातात, त्यामुळे खरी धास्ती विरोधकाइतकीच स्वतःच्या पक्षातल्या शेजाऱ्याची. लोकांनी तुमच्यापुढे १ नाही लिहिला, तर तो शेजाऱ्याच्या नावापुढे जातो. २००२ मध्ये केनींचा फिना गेल पक्ष ५४ वरून ३१ जागांवर कोसळला, मेयोतले त्यांचे सहकारी जिम हिगिन्स पडले आणि स्वतः केनी जेमतेम वाचले. वारसा हक्काची जागा अशी जेमतेम वाचवावी लागत नाही.

‘नुसता टिकून राहिला’ यातही अर्धसत्य आहे. पहिली अकरा वर्षं ते मागच्याच बाकांवर होते. १९८६ मध्ये राज्यमंत्री, १९९४ ते ९७ पर्यटन आणि व्यापार मंत्री. २००१ ची पक्षनेतेपदाची लढत हरले. नेतृत्व हाती आलं ते २००२ च्या त्या पडझडीनंतर, जेव्हा ते घेण्यात फायदा कमी आणि मार खायची शक्यता जास्त होती.

आणि नशीब? २०११ मध्ये आर्थिक पडझडीमुळे फिआना फॉल या तेव्हाच्या सत्ताधारी पक्षावर लोक चिडले होते, हे खरंच. पण त्याआधी, २०१० मध्ये, पक्षातल्याच रिचर्ड ब्रुटन यांनी केनींच्या नेतृत्वाला आव्हान दिलं आणि वराडकर तेव्हा ब्रुटन यांच्या बाजूने उभे होते. केनी तरले. वर्षभरात, २०११ च्या निवडणुकीत, पक्षाच्या ७६ जागा आल्या, मेयोतल्या पाचपैकी चार, आणि केनी पंतप्रधान झाले. त्या मंत्रिमंडळात त्यांनी वराडकरांना वाहतूक खातं दिलं. वराडबद्दल अभिमान बाळगणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

मला सर्वांत खटकतो तो ‘खेडवळ’ हा शब्द. मेयोसारख्या धर्मनिष्ठ परगण्यातल्या या कॅथलिक माणसाने जुलै २०११ मध्ये, क्लॉइन धर्मप्रांतातल्या मुलांच्या लैंगिक शोषणाच्या अहवालानंतर, संसदेत उभं राहून व्हॅटिकनला जाब विचारला. व्हॅटिकनने आपला राजदूत माघारी बोलावला. १९ फेब्रुवारी २०१३ ला जोगिणींनी चालवलेल्या मॅग्डलीन धुलाईघरांत राबवल्या गेलेल्या स्त्रियांची त्यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली. त्याच्या दोन आठवड्यांपूर्वी, या धुलाईघरांबद्दलचा अहवाल आला त्या दिवशी, ते पूर्ण माफी न मागताच थांबले होते आणि त्यावर टीका झाली होती, तीही रास्तच. मधल्या दिवसांत ते त्या स्त्रियांना भेटले. माफीच्या दिवशी त्यातल्या काही प्रेक्षक सज्जात होत्या. भाषणाच्या शेवटी केनींचा आवाज फुटला आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

त्यांच्यावर ठेवण्याजोगा दोष वेगळाच आहे. त्यांच्या सरकारने खेड्यापाड्यांतली शंभराहून अधिक छोटी पोलीस ठाणी बंद केली. २०१६ च्या प्रचारात आर्थिक पडझडीतून ‘सावरणं चालू ठेवू’ असं सांगत ते फिरले, पण ते सावरणं बऱ्याच गावांत पोचलंच नव्हतं. ७६ च्या ५० जागा झाल्या. मेयोने मात्र त्यांना तेव्हाही निवडून दिलं.